नाव आपलं, पण पाटी कुणाच्या भिंतीवर? मुंबईतले छोटे धंदे, ब्रँडिंग आणि मोबाइल

मिरचीगल्ली | सोमवार, रात्री १०:१२

लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझी धाकटी जाऊ बघतो. दुकानाचं नाव लोकांपर्यंत पोचण्याची रीत आमच्या डोळ्यांदेखत पार बदलली. इथे धंदा करणारे आहेत, जाहिरातीत हयात घालवलेले आहेत, कायद्यातलेही आहेत, म्हणून धागा काढतेय.

माझं म्हणणं आधीच सांगते. मोबाइलमुळे आमच्यासारख्यांचं नाव कधी नव्हे इतकं लांब गेलं. पण ते जिथे जाऊन बसलंय ती जागा आमची नाही. दुकानावरची पाटी आमची होती. नकाशावरची नोंद, इन्स्टाग्रामवरचं पान, डिलिव्हरी अ‍ॅपवरचा फोटो यातलं काहीच आमच्या मालकीचं नाही. पागडीच्या खोलीत निदान हक्क तरी असतो. ही सगळी लिव्ह अँड लायसन्सची जागा आहे, आणि करार कधी संपेल ते घरमालक ठरवणार.

आता थोडं मागचं. आमच्याकडे मार्च ते मे हा सीझन. बायका बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरची निवडून घेतात, धणे, दगडफूल, नागकेशर वेगळं बांधून घेतात, मग सगळं भाजून डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, जातं. जुनी गिऱ्हाइकं डंकासमोर नाकाला पदर लावून बसून राहायची. ठसक्याने डोळ्यांत पाणी यायचं पण उठायची नाहीत, कारण आपलीच मिरची आपल्याच डब्यात पडतेय हे डोळ्यांनी बघायचं असायचं. आमचं नाव त्या बसण्यातून झालं. सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एक जाहिरात दिली नाही.

१९८२ चा गिरणी संप झाला आणि गिऱ्हाईक हळूहळू पांगलं. कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला, कुणी पनवेलला. पुढे चाळींच्या जागी टॉवर आले, उरलेले तेही गेले. वर्षातून एकदा लोकलने येऊन मसाला नेणाऱ्या बायका होत्या, पण त्यांचे गुडघे थकले आणि सुनांना तेवढा वेळ नाही. हे गिऱ्हाईक आम्हाला परत मिळालं ते व्हॉट्सअ‍ॅपमुळे. जावेने एक गोष्ट सुरू केली. ज्यांची ऑर्डर असेल त्यांना त्यांच्याच मिरचीचा, त्यांच्या नावाची चिठ्ठी डब्यावर लावून, डंकावरचा व्हिडिओ पाठवायचा. भाजलेल्या मिरचीचा रंग दिसतो, डंकाचा आवाज ऐकू येतो. बदलापूरच्या एका आजींनी तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि त्या एका इमारतीतून आमच्याकडे ऑर्डरी यायला लागल्या. समोर बसून बघण्याचा विश्वास फोनमधून जाऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

आता दुसरी बाजू. ऐन सीझनच्या तोंडावर एका समाजमाध्यमावरचं आमचं पान काही कारण न देता बंद झालं. दाद मागायला माणूस नाही, फक्त फॉर्म. त्याच सुमारास नकाशावरच्या आमच्या नोंदीत कुणीतरी भलताच फोन नंबर घातला. गिऱ्हाईक फोन करायचं, पलीकडचा माणूस आमच्या नावाने ऑर्डर घ्यायचा.

म्हणून विचारते: तुमच्या धंद्याचं नाव आज नेमकं कुठे आहे? आणि हातात थोडे पैसे असतील तर ते कशावर घालावेत?

---

अक्षरवेडा | सोमवार, रात्री ११:०५

ताई, फार मोलाचा विषय काढलात. मी पेंटर. आमच्या लाइनीत 'पेंटर' म्हणजे बोर्ड रंगवणारा. दादर ते भायखळा पट्ट्यात पुष्कळ पाट्या माझ्या हातच्या होत्या. आता कॉम्प्युटरवर डिझाइन करतो.

आधी काम कसं चालायचं ते सांगतो. पत्र्याला प्रायमर, त्यावर इनॅमलचा हात. मग सुताला खडूची पूड लावून दोघांनी दोन टोकं धरायची आणि मधे टिचकी मारायची, की सरळ रेघ उमटते. ती शिरोरेषा. त्याखाली अक्षरं खडूने आखायची. दुकान सोनाराचं असेल तर अक्षराला सोनेरी कड आणि खाली सावली, दवाखाना असेल तर सरळ ठसठशीत, मिठाईवाल्याचं असेल तर गोलाई. दोन दुकानांचं 'श्री' सारखं नसायचं. माणसं अक्षरावरून दुकान ओळखायची, नाव वाचायच्या आधी.

मग फ्लेक्स आला. स्वस्त, एका रात्रीत तयार, फोटोसकट. पेंटरांचं काम गेलं ते तेव्हा, मोबाइलच्या बरंच आधी. हे सांगायला हवं, कारण सगळा दोष मोबाइलवर टाकणं बरोबर नाही.

आता मोठी गोष्ट. दुकानांवर मराठी पाट्या सक्तीच्या करणारी दुरुस्ती २०२२ साली झाली. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत हेही त्यात आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि २५ नोव्हेंबरला ती संपली. त्या दिवसांत मुंबईत जी धावपळ झाली! मला मनापासून आनंद झाला होता, की आता देवनागरीला दिवस येतील. झालं काय, तर इंग्रजी लोगो नेटका बसवलेला आणि शेजारी देवनागरी म्हणजे जो फॉन्ट हाताशी सापडला तो, आडवा ताणून. कितीतरी ठिकाणी 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. मराठी 'ल' ला दोन पाकळ्या असतात, मराठी 'श' ची गाठ वेगळी असते. शाळेत आपण ते गिरवलंय. पाटीवर दुसरं वळण दिसलं की माझ्या पोटात तुटतं.

आणि आज सबब उरलेली नाही. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे 'मुक्ता', 'बलू' हे फॉन्ट फुकट मिळतात. 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट तर मराठी वळणासाठी वेगळा काढलेला आहे. ज्या शहरात र. कृ. जोशींनी अक्षरकला शिकवली, ज्या शहरात कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींची शीर्षकं अशी काढली की पेपर उघडला की नाटक अक्षरावरून कळायचं, त्या शहरात पाट्यांची ही अवस्था असू नये.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पहिले पैसे अक्षरावर घाला. नाव एकदा नीट काढून घ्या. तेच पाटीवर, तेच पाकिटावर, तेच व्हॉट्सअ‍ॅपच्या गोलात. त्या गोलात नखाएवढी जागा असते. त्यात पूर्ण नाव कोंबू नका, एक अक्षर किंवा एक खूण पुरे.

---

रुपारेलची_मीनल | मंगळवार, सकाळी ७:४८

अक्षरवेडा काका, सुंदर प्रतिसाद. पुढचं वाचतेय.

---

आप्पा_गिरगाव | मंगळवार, सकाळी ९:२०

मला या सगळ्यात एक गोष्ट पटत नाही. ब्रँड, लोगो, फॉन्ट ही वरची कामं. माल चोख असेल तर नाव होतंच. आमच्या गिरगावात बेडेकरांचं दुकान १९१० पासूनचं. तेव्हा कुठला मोबाइल होता? लोणचं चांगलं होतं, लोकांनी लोकांना सांगितलं. आजची मुलं आधी पान उघडतात, मग मालाचा विचार करतात. फोटो देखणा आणि आत चकलीला कूसही नाही, असे डबे मी विकत घेतलेत. पैसे घालायचे तर मिरचीवर घाला, सूनबाई.

---

जुना_कॉपीरायटर | मंगळवार, दुपारी १:३६

आप्पा, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण तोंडी प्रसिद्धीला एक हद्द असायची. त्या हद्दीबाहेर जायचं तर भांडवल लागायचं, आणि ते फार थोड्या मराठी घरांकडे होतं. मी फोर्टातल्या जाहिरात कंपन्यांत नोकरी केली आहे, म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

मुंबई ही या धंद्याची राजधानी. एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली इथेच जन्मला, बॉबी कुका यांची कल्पना आणि उमेश राव यांचं चित्र. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकवाली मुलगी १९६६ पासून इथल्या होर्डिंगवर आहे. परळला १९५२ मध्ये सुरू झालेली विको आधी दारोदार विकली गेली, नंतर थिएटर आणि दूरदर्शनमुळे घराघरात गेली. कॅमलिनच्या दांडेकरांनी १९३१ साली शाईचा धंदा सुरू केला तो 'हॉर्स ब्रँड' या नावाने, पुढे उंट आला. त्या काळी घोडा छाप, उंट छाप अशीच नावं का असायची? कारण गिऱ्हाईक अनेक भाषांचं, आणि त्यातलं पुष्कळ निरक्षर. दुकानात जाऊन 'घोड्याची शाई द्या' म्हटलं की काम व्हायचं. खूण नजरेत राहायची.

आता नाव टाइप करावं लागतं, आणि तेही बहुतेक लोक रोमन लिपीत करतात. इथे मराठी नावांची फार ओढाताण होते. 'ज्ञ' असलेलं नाव घ्या. आपण ते डी-एन-वाय असं लिहितो, हिंदी भाषक जी-वाय लिहितो, कुणी जे-एन. तिघंही तुम्हालाच शोधताहेत आणि तीन ठिकाणी पोचताहेत. एका ओळखीच्या मुलीने पोळीभाजी केंद्राला असंच 'ज्ञ' चं नाव ठेवलं होतं. मी तिला सांगितलं, नाव बदलू नकोस, पण नकाशावरच्या नोंदीत देवनागरीत नाव घाल, आणि वर्णनात तुला लोक ज्या ज्या प्रकारे लिहितात ती सगळी स्पेलिंगं येऊ देत. हा आजच्या ब्रँडिंगचा अगदी रोजचा भाग आहे आणि कुणी शिकवत नाही.

दुसरा बदल वेगाचा. हाताने रंगवलेलं होर्डिंग बदलायला वेळ लागायचा, त्यामुळे एक ओळ लिहायला आम्ही दिवसेंदिवस घालवायचो. आता क्रिकेटचा सामना संपला की काही तासांत त्यावरचं चित्र फोनवर असतं. छोट्या दुकानदारालाही वाटायला लागलंय की रोज काहीतरी टाकलंच पाहिजे. सणांच्या शुभेच्छा, जयंती, पुण्यतिथी, मदर्स डे. सगळ्यांचा साचा एकच, खालचा लोगो वेगळा. मला हे मनापासून वाईट वाटतं. ज्याच्याकडे डंकावरचा खरा व्हिडिओ आहे त्याने तयार साच्यातला दिवा पाठवू नये.

आणि होर्डिंगचं म्हणाल, तर ते संपलेलं नाही, उलट डिजिटल पडदे होऊन परत आलंय. पण १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, आणि ते होर्डिंग त्याच्या कितीतरी पट मोठं. १७ माणसं गेली. मोठं दिसण्याच्या हव्यासाला या शहरात रस्त्यावरच्या माणसाने किंमत मोजली. माझ्या व्यवसायातल्या माणसांनी हे विसरता कामा नये.

---

ठाण्याची_पूर्णा | मंगळवार, दुपारी ४:१०

मी घरून थालीपीठ, घावन, गणपतीत उकडीचे मोदक करते. मिरचीगल्ली ताई, 'नाव आहे, पण जागा आपली नाही' हे मी रोज भोगते.

एका डिलिव्हरी अ‍ॅपवर होते. ऑर्डरी चांगल्या यायच्या. पण गिऱ्हाइकाचा नंबर मला कधी मिळाला नाही. कोण मागवतंय, कुठल्या इमारतीत जातंय, आवडलं की नाही, काही कळायचं नाही. माझ्याच सोसायटीतली एक बाई लिफ्टमध्ये म्हणाली, परवा थालीपीठ मागवलं, फार छान होतं. मी विचारलं कुणाकडून? ती म्हणाली, अ‍ॅपवरून. थालीपीठ माझं होतं! तिच्या लेखी नाव होतं ते अ‍ॅपचं.

तेव्हापासून प्रत्येक डब्यात एक छोटं कार्ड घालते. त्यावर माझं नाव, नंबर आणि एकच ओळ: 'हा नंबर सेव्ह करा, उद्या काय केलंय ते कळवीन.' सेव्ह करायला सांगण्यामागे कारण आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना एकदम निरोप जातो, पण तुमचा नंबर ज्याने सेव्ह केलाय त्यालाच तो मिळतो. म्हणजे माझी खरी पाटी गिऱ्हाइकाच्या फोनबुकात आहे. तिथे कुणी 'पूर्णा थालीपीठ' लिहिलंय, कुणी 'मोदकवाल्या काकू'. मला दोन्ही चालतं.

एक सूचना नवीन मुलींसाठी. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग असतो, तो भरा. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीशी काढा. मोदकाच्या कळ्या दिसल्या पाहिजेत. कळ्या मोजणाऱ्या बायका आहेत ठाण्यात, आणि त्याच सगळ्यात पक्क्या गिऱ्हाइकं.

---

मिरचीगल्ली | मंगळवार, रात्री ९:३०

पूर्णा, कार्डाची कल्पना उचलली. आमच्या पाकिटावर नंबर आहे पण 'सेव्ह करा' असं कधी लिहिलं नव्हतं.

आप्पा, तुमचा मान राखून सांगते. मिरचीवर पैसे घालतोच, त्यात कसूर नाही. पण चोख मालाचं नाव आपोआप होतं ते गिऱ्हाईक एका चाळीत राहत असेपर्यंत. आमची चाळ पांगली. आता घणसोलीतली सून आपल्या सासूला विचारत नाही की मसाला कुठून आणायचा, ती फोनवर 'मालवणी मसाला' शोधते आणि जे पहिलं दिसेल ते मागवते. तिथे आम्ही दिसलो नाही तर आमची मिरची कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंत जाणारच नाही. चव ही दुसऱ्या ऑर्डरीला उपयोगी. पहिली ऑर्डर येण्यासाठी दिसावंच लागतं.

---

आप्पा_गिरगाव | मंगळवार, रात्री १०:०२

पहिल्या ऑर्डरीचं पटलं. चाळ पांगली हे मी बघितलंय, आमचीही पांगली.

---

नाक्यावरचा_वडा | बुधवार, सकाळी ११:५५

आमची वडापावची गाडी, वडिलांपासूनची. जागा सांगत नाही. वडापावाला ब्रँड करता येतं हे जम्बो किंगने २००१ पासून दाखवून दिलं, पण ती दुकानांची साखळी. गाडीवाल्याचं काय, ते सांगतो.

आमच्या गाडीला नाव नव्हतंच. वडिलांच्या नावाने लोक ओळखायचे. २०१६ ला यूपीआय आलं, मग आम्ही क्यूआर लावला, आणि पहिल्यांदा प्रश्न आला की पैसे देताना गिऱ्हाइकाला स्क्रीनवर नाव काय दिसणार? खातं आईच्या नावावर होतं, त्यामुळे आईचं पूर्ण नाव दिसायचं. लोक विचारायचे, 'हेच ना?' रोज तेच. शेवटी धंद्याच्या नावाने व्यापारी खातं काढलं आणि त्यासाठी गाडीला नाव ठेवावं लागलं. आमचं बारसं यूपीआयने केलं म्हणा. आज नाव आधी फोनवर दिसतं, गाडीवर ते नंतर रंगवलं.

साउंडबॉक्सबद्दल बोलायलाच हवं. मराठीत बोलतो, 'इतके रुपये प्राप्त झाले', छान आहे, तळणात हात असला तरी पैसे आले ते कळतं. पण नीट बघा, गाडीवर सगळ्यात मोठं आणि सगळ्यात रंगीत अक्षर कुणाचं आहे? पेमेंट कंपनीचं. क्यूआरचा स्टँड त्यांचा, डब्यावर नाव त्यांचं. दादर स्टेशनबाहेर उभं राहून बघा, ओळीने सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या वाटतात. मी स्टँड उलटा करून मागे आमच्या नावाचा छोटा बोर्ड लावला, क्यूआर त्याच्या कोपऱ्यात चिकटवला. अक्षर एका पेंटरकडून काढून घेतलं. अक्षरवेडा काका, तुम्हाला आवडेल.

आणि रील्स. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, महिन्याच्या आत इन्स्टाग्रामने रील्स आणलं, आणि खाण्याचे व्हिडिओ करणारी मुलं शहरभर फिरायला लागली. एकाने आमच्याकडे व्हिडिओ केला, न सांगता. पुढचे काही आठवडे एवढी गर्दी की समोरच्या बँकेतली माणसं, जी वर्षानुवर्षं चारच्या चहाबरोबर वडा न्यायची, ती रांग बघून परत जायला लागली. वडील बेचैन झाले. म्हणाले, ही व्हिडिओवाली पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातील, बँकवाले गेले तर परत येणार नाहीत. मग आम्ही चार वाजता बँकेत पिशवी पोचवायला लागलो. व्हिडिओची गर्दी खरंच ओसरली, बँकवाले आहेत. रील वाईट नाही, पण रीलने आलेलं गिऱ्हाईक व्हिडिओचं असतं, त्याला आपलं करायला वेगळं काहीतरी करावं लागतं.

---

अक्षरवेडा | बुधवार, दुपारी १२:२०

बोर्डाचा फोटो टाक रे पोरा. खूप बरं वाटलं वाचून.

---

रुपारेलची_मीनल | बुधवार, दुपारी २:४१

रिव्ह्यूंबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. माझं दादरला ब्लाउज शिवण्याचं छोटं दुकान आहे. नवीन गिऱ्हाईक येतं ते तारे मोजूनच येतं. मध्यंतरी ज्यांनी कधी पायरी चढली नाही अशा लोकांचे एक-एक तारा दिलेले शेरे आले. नंतर एकाचा फोन, 'पैसे द्या, चांगले शेरे लिहून देतो.' मी नाही म्हटलं.

मी काय केलं ते सांगते. प्रत्येक खोट्या शेऱ्याखाली शांतपणे लिहिलं: 'आपल्या नावाची नोंद आमच्या मापवहीत सापडत नाही, कृपया दुकानात या.' रागाचा एक शब्द नाही. आणि खऱ्या तक्रारीखाली काय दुरुस्त करून दिलं ते लिहिलं. आता नवीन बायका म्हणतात, तुमची उत्तरं वाचून आलो. चुकलं तर दुकानदार कसा वागतो, हे लोकांना आधी बघायला मिळतं. पूर्वी ते फक्त शेजारणीला माहीत असायचं. मला वाटतं हा डिजिटलचा सगळ्यात चांगला गुण आहे.

नियमही आहेत. ऑनलाइन शेऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस केली तर तसं स्पष्ट सांगावं, असे जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत, आणि २०२३ च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही मार्गदर्शन काढलं. 'फुकट ब्लाउज द्या, व्हिडिओ करते' म्हणणाऱ्या मुलींना मी हे सांगते. ज्या तरीही थांबतात त्यांच्याशी बोलते.

---

वकील_अँटॉप_हिल | बुधवार, रात्री ८:५०

उशिरा आलो. ट्रेडमार्कची कामं करतो. मिरचीगल्ली ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर अक्षरवेडांपेक्षा एक पायरी मागचं आहे: अक्षर काढून घ्यायच्या आधी नाव तुमचं आहे का ते बघा.

पूर्वी दादरला एक 'समर्थ' आणि डोंबिवलीला दुसरं 'समर्थ' सुखाने नांदायचं, कारण दोघांचं गिऱ्हाईक कधी एकमेकांना भेटत नव्हतं. आता शोध घेतला की दोन्ही एकाखाली एक येतात. एकाचे वाईट शेरे दुसऱ्याला चिकटतात, एकाच्या ऑर्डरी दुसऱ्याकडे जातात. माझ्याकडे येणारी छोट्या धंद्यांची भांडणं बहुतेक याच प्रकारची आहेत, आणि दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात.

लोकांना वाटतं इन्स्टाग्रामवर नाव मिळालं किंवा वेबसाइटचं नाव विकत घेतलं म्हणजे नाव आपलं झालं. तसं होत नाही. तुमचं पान बंद झालं किंवा कुणी तुमच्या नावाने नंबर फिरवला, तर दाद मागताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते ट्रेडमार्क नोंदणीचं प्रमाणपत्र. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी दर वर्गाला (म्हणजे मालाच्या दर प्रकाराला) ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. अर्ज पुढे सरकला की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये येतं, चार महिने हरकतीसाठी. नोंदणी दहा वर्षांची, नंतर नूतनीकरण करत राहायचं. अर्ज केल्यावर नावापुढे टीएम लावता येतं, पण गोलातला आर नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, तो गुन्हा आहे. आधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच नाव कुणाचं आहे का हे फुकट शोधता येतं. ते जरूर करा.

---

मिरचीगल्ली | बुधवार, रात्री ९:२५

वकीलसाहेब, मनापासून आभार. दोन शंका. आमच्याच नावाने दुसऱ्या कुणी आधी नोंदणी करून ठेवली असेल तर आम्ही गेलो का? आणि आम्ही मसाला, थालीपीठाची भाजणी, पापड, लोणचं असं सगळं विकतो. त्याला एकच अर्ज पुरतो का?

---

वकील_अँटॉप_हिल | बुधवार, रात्री १०:१५

पहिली शंका. लगेच गेलात असं नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम ३४. समोरच्याने नाव वापरायला सुरुवात करण्याच्या आणि त्याच्या नोंदणीच्याही आधीपासून तुम्ही ते सलग वापरत असाल, तर तो तुम्हाला अडवू शकत नाही. पण 'आधीपासून' हे कागदाने दाखवावं लागतं. सासऱ्यांच्या काळातली बिलबुकं, गुमास्ता परवाना (दुकानाच्या नोंदणीचा कागद), वजनमापाचे दाखले, जुन्या पाटीसमोर काढलेला दसऱ्याचा फोटो, छापलेल्या पिशव्यांची बिलं. रद्दीत काही घालू नका. सगळ्याचे स्कॅन करून ठेवा.

दुसरी शंका. मसाला, भाजणी, पापड, चटणी हे वर्ग ३० मध्ये. लोणचं वर्ग २९ मध्ये. दोन वर्ग म्हणजे फी दुप्पट. पैशांची ओढ असेल तर आधी वर्ग ३०, कारण तुमचं नाव मसाल्यावर आहे. आणि अर्ज नुसत्या नावाचा वेगळा करा, लोगोचा नंतर. नावाच्या नोंदणीत अक्षराचं वळण बदललं तरी संरक्षण राहतं. देवनागरी नावाच्या अर्जात त्याचं रोमन रूप आणि अर्थही द्यावा लागतो, तेव्हा स्पेलिंग आधी ठरवून घ्या.

---

मिरचीगल्ली | बुधवार, रात्री १०:४०

गुमास्ता परवाना फ्रेम करून गल्ल्यामागे लावलाय, बिलबुकं माळ्यावर आहेत. शनिवारी जावेबरोबर काढते. अक्षरवेडा काका, नाव मोकळं असल्याचं कळलं की तुम्हाला संदेश करते. 'ल' आमच्या नावात दोनदा येतो.

---

अक्षरवेडा | बुधवार, रात्री १०:५२

करा. जुन्या पाटीचा फोटो असेल तर तोही पाठवा, त्यातलं वळण घेऊन नवीन काढू.